‘छान’ न म्हणता : कविता-वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१७ जून – तयारी

वयोगट नऊ ते अकरा, मुलं ३२. आठवड्याला दोन, अशा एकूण १२ तासिका, प्रत्येकी ४० मिनिटांच्या. एक जण शिकवणार, दुसरा मागे बसून नोंदी घेणार.

तासिकेची विभागणी : ऐकणं ५ मिनिटं, खेळ १०, लिहिणं १५, वाचून दाखवणं १०. घाईत बळी जातो तो शेवटच्या दहा मिनिटांचा, म्हणून ती आधी राखून बाकीचं बसवायचं. लिहिणं १५ वरून १२ वर आलं तर चालतं. वाचून दाखवायलाच वेळ उरला नाही, तर पुढच्या वेळी मुलं जीव ओतून लिहीत नाहीत. ऐकायला कुणी नाही हे त्यांना चटकन कळतं.

साहित्य : प्रत्येकाला एक रफ वही, पेन्सिल आणि कागदाच्या पट्ट्या. ए-फोर कागद आडवा कापला की २१ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद अशा सात पट्ट्या निघतात. खोडरबर पेटीतच ठेवायचं. खोडलेला शब्द कायमचा जातो, काट मारलेला परत घेता येतो.

वाचायच्या कवितांची चाळणी : ८ ते १४ ओळी, अनोळखी शब्द जास्तीत जास्त दोन आणि कानाला धरून ठेवणारं काहीतरी. शेवटी उपदेश असलेल्या कविता बाजूला काढल्या. त्या एकदा वाचल्या की मुलंही प्रत्येक कवितेच्या शेवटी ‘म्हणून झाडे लावा’ लिहायला लागतात.

शिकवणाऱ्यासाठी एक नियम : मुलाच्या कवितेवर ‘छान’, ‘मस्त’, ‘वा’ म्हणायचं नाही. आधी कवितेतला एखादा शब्द किंवा ओळ जशीच्या तशी उच्चारायची, मग तिच्याबद्दल बोलायचं. नियम किती वेळा मोडला ते मागे बसणारा मोजणार.

२० जून – पहिली तासिका : नुसतं ऐकणं

कविता दोनदा वाचली. शीर्षक सांगितलं नाही, प्रस्तावना केली नाही, अर्थ विचारला नाही. पहिल्या वाचनानंतर दहा सेकंद शांतता, मग दुसरं वाचन. प्रश्न एकच : कुठला शब्द कानात राहिला?

पहिल्या रांगेत फसलं. पहिल्याने ‘वारा’ म्हटलं, पुढच्या पाच जणांनीही ‘वारा’. दुसऱ्या रांगेपासून क्रम बदलला : अर्धा मिनिट गप्प राहून शब्द वहीत लिहायचा, मग लिहिलेलाच वाचायचा. लगेच शब्द वेगवेगळे येऊ लागले. ‘आज नाही’ हेही उत्तर धरायचं ठरलं. कुणी तसं म्हटलं की कारण न विचारता पुढे जायचं.

मुलांकडून वाचून घेताना हेल आला. प्रत्येक ओळीचा शेवट वर चढतो, चाल एकसुरी होते आणि अर्थ मागे पडतो. ‘हेल काढू नका’ म्हटलं की मुलं धड हेलही नाही आणि धड वाचनही नाही असं काहीतरी करतात. उपयोगी पडलं ते असं : तीच कविता शेजारच्याच्या कानात कुजबुजत वाचायची. कुजबुजताना हेल काढताच येत नाही. मग तोच सूर ठेवून थोडं मोठ्याने.

२४ जून – झाकलेला शब्द

फळ्यावर कविता, तिच्यातल्या एका शब्दावर कागद चिकटवलेला. तिथे काय असेल? शब्द निवडताना नाम टाळावं. नाम संदर्भावरून सहज कळतं आणि खेळ लवकर संपतो. विशेषण किंवा क्रियापद झाकलं की पर्याय खुले राहतात.

मुलं हा खेळ बरोबर-चूक म्हणून खेळतात. कागद उचलल्यावर एकाचा हात वर, बाकीचे हिरमुसलेले. ते टाळायला क्रम उलटा केला. आधी पाच शब्द फळ्यावर घेतले, प्रत्येक शब्द ओळीत घालून ओळ मोठ्याने वाचली आणि ओळीचं काय होतं ते विचारलं. पाऊस ‘पडला’, ‘कोसळला’, ‘उतरला’, ‘शिरला’, ‘थबकला’ : एका ओळीचे पाच वेगळे पाऊस. मग कागद उचलला आणि म्हटलं, ‘कवीने हा निवडला.’ ‘बरोबर उत्तर’ हे शब्द वापरायचे नाहीत. एक-दोन मुलांनी कवीच्या शब्दापेक्षा ‘शिरला’ पसंत केला आणि कारणही दिलं : शिरायला फट लागते. तासिकेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

२७ जून – नादशब्द

मराठीत नादानुकारी शब्दांची खाण आहे. मुलांना ते येतात, पण ते एकमेकांपासून वेगळे करायची सवय नसते. झुळझुळ, खळखळ, खळाळ, धबधब : चारही पाण्याचे, मग फरक कशाचा? उत्तरं पाण्याच्या वेगाची, दगडांची आणि उंचीची आली. सळसळ आणि खसखस, भुणभुण आणि गुणगुण, अशा जोड्या एका बैठकीत सहापेक्षा जास्त घेऊ नयेत. सातव्या जोडीला वर्गाचा नुसता गोंगाट होतो.

मग डोळे मिटून दोन मिनिटं आवाज ऐकायचे आणि शब्दकोशात नसलेला शब्द घडवायचा. पंख्यासाठी ‘घर्रटक’, बाक सरकण्यासाठी ‘क्रींख’. लेखन कसं करायचं हे मुलांनीच ठरवायचं. अशा शब्दाला शुद्धलेखनाची चूक नसते, त्यामुळे एरवी वही झाकून बसणारी मुलं इथे सगळ्यात आधी लिहितात. भित्र्या वर्गाची सुरुवात नादशब्दांपासूनच करावी.

१ जुलै – पट्ट्यांची सामूहिक कविता

एकट्याने लिहिण्याआधी सगळ्यांनी मिळून एक कविता. फळ्यावर तोंडी ओळी घेतल्या असत्या तर तीन बोलक्या मुलांचीच कविता झाली असती. म्हणून प्रत्येकाला एक पट्टी, प्रत्येक पट्टीवर एक ओळ. विषय ‘वर्गात कुणी नसताना’. साचा : एक वस्तू आणि ती काय करते. यादी-कवितेला यमक लागत नाही, कथा लागत नाही. एक ओळ जमली की वाटा पुरा.

आठ-आठ जणांचे चार गट. पट्ट्या जमिनीवर मांडायच्या, क्रम बदलत वाचायच्या, कमीत कमी तीन वेळा. शेवटची ओळ कोणती, यावर सगळ्यात जास्त वाद होतात, आणि ते होऊ द्यावेत. ‘फळा स्वतःवरचं गणित सोडवतो’ ही ओळ पहिल्या जागी गंमतीची वाटली, शेवटी ठेवली तर थोडी उदास. कवितेत जागेलाही अर्थ असतो हे सांगावं लागलं नाही.

गफलत : सुरुवातीला ‘कल्पना करा’ एवढंच सांगितलं होतं, तेव्हा निम्म्या पट्ट्यांवर भूत आलं. ‘जी वस्तू इथून दिसते तीच’ अशी अट घातल्यावर भूत गेलं. मोकळीक जास्त झाली की मुलं ऐकलेल्याच गोष्टींकडे पळतात; अट घातली की आजूबाजूला बघतात.

४ जुलै – यमक

आज मुलांनी न सांगता यमक जुळवलं. नमुना :

पाऊस आला
रस्ता ओला झाला
बेडूक बाहेर आला
मी घरी गेला

चौथ्या ओळीत यमकासाठी ‘गेलो’चं ‘गेला’ झालं. असं सगळ्याच वर्गांत होतं, आणि त्याचं कारण भाषेच्या घडणीत आहे. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं, क्रियापदांचे शेवट ठरावीक असतात, त्यामुळे आला-गेला-झाला हे यमक काही न करता पदरात पडतं. फुकटच्या यमकात विचार होत नाही.

उपाय म्हणून एकच अट घातली : ओळीच्या शेवटी क्रियापद नको. ‘बेडूक बाहेर आला’चं ‘बाहेर आला बेडूक’ झालं आणि लगेच ‘बेडूक’ला जुळणारा शब्द शोधावा लागला. कुणी ‘चाहूल’ आणला. तो जुळत नाही, पण ओळ आधीपेक्षा जिवंत झाली, म्हणून राहू दिला.

दुसरा सापळा पाणी-गाणी-राणी. पहिल्या ओळीत पाणी आलं की तिसरीत राणी हजर होते, आणि तिचं कवितेत काहीच काम नसतं. यावर लिहिण्याआधीची यादी बरी पडते : निवडलेल्या शब्दाला जुळणारे सात-आठ शब्द काढायचे, ज्यांचा विषयाशी संबंध नाही ते काटायचे आणि दोनापेक्षा कमी उरले तर मूळ शब्दच बदलायचा.

तिसरी अडचण व्याख्येतली आहे. ‘शेवटचं अक्षर सारखं म्हणजे यमक’ असं मुलांच्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून त्यांना घर, दार आणि शूर यांचं यमक जुळतं असं वाटतं. बोलताना शेवटच्या ‘र’मधला अ जवळजवळ नाहीसा होतो, आणि कानाला ऐकू येतो तो त्याच्या आधीचा स्वर. म्हणून घर-वर जुळतं, घर-दार जुळत नाही. ही फोड मुलांना समजावत बसू नये. डोळे मिटून जोड्या ऐकवाव्यात आणि हात वर करायला सांगावं. कान डोळ्यांपेक्षा लवकर शिकतो.

‘आज यमक नको’ असंही सरळ सांगता येतं, पण त्यामुळे मुलांचा हिरमोड होतो. त्यांच्या मते यमक नसेल तर ती कविताच नव्हे. बंदीपेक्षा अट बरी.

८ जुलै – अक्षरं की टाळ्या?

हायकू या तीन ओळींच्या जपानी कवितेचा ५-७-५ साचा घेतला. फळ्यावर नमुना :

खिडकीवर
एक थेंब थांबला
मग सुटला

अर्ध्या वर्गाने ५-७-५ मोजलं, अर्ध्याने ३-४-३. दोघांचंही बरोबर होतं! एकांनी लिहिलेली अक्षरं मोजली, दुसऱ्यांनी टाळ्या वाजवून उच्चाराचे ठोके. ‘खिडकीवर’ लिहिताना पाच अक्षरं, बोलताना खिड-की-वर असे तीन ठोके. इतर भाषांतले टाळ्यांचे खेळ मराठीत तसेच उचलले की इथे अडकतात. आपल्याकडे अक्षर मोजायची रीत आहे, तीच ठेवली. नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवले : जोडाक्षर एकच, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, ‘पाऊस’ तीन अक्षरं.

मग मोठ्या अभंगाचा साचा. नामदेव-तुकारामांच्या असंख्य रचना यात आहेत : चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. करून दाखवायला :

वर्गाच्या दाराशी
चपला भिजल्या
रांगेत निजल्या
चिखलात

हा साचा मुलांना हायकूपेक्षा लवकर साधला. शेवटचा चरण दोन अक्षरांनी कमी असल्यामुळे तिथे आपोआप थांबायला होतं, आणि थांबताना काहीतरी ठेवून जावंसं वाटतं. ‘चिखलात’ काढून ‘आज सर्व’ म्हणून पाहिलं : अक्षरं तेवढीच, पण चरण पोकळ. भरतीचा शब्द कसा ओळखावा हे यातून दाखवता येतं. (भिजल्या-निजल्या हे क्रियापदांचं यमक आहे, ही हरकत मागच्या बाकावरून लगेच आली. मान्य केली. फक्त ‘ल्या’ नाही, त्याआधीचं ‘इज’ही जुळतं, एवढा फरक दाखवला.)

मोजताना काय चुकतं : मुलं बोटांवर मोजत लिहितात, त्यामुळे अक्षरं भरतात आणि वाक्य मोडतं. आधी मनात येईल तशी ओळ लिहायची, मोठ्याने म्हणायची, नंतर मोजायची. एक-दोन अक्षरं जास्त असतील तर ‘खूप’, ‘आणि’, ‘मग’ आधी काढून बघायचे. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. अक्षरं कमी पडली तर विशेषण चिकटवू नये, वस्तूचं नेमकं नाव शोधावं : ‘पक्षी’ऐवजी ‘टिटवी’.

लघु-गुरू (आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं) या वयाला घेतले नाहीत. भुजंगप्रयात या वृत्ताची चाल तेवढी पायांनी केली : लगागा लगागा लगागा लगागा, एक छोटं पाऊल आणि दोन मोठी, असं चार वेळा, एकूण १२ अक्षरं. वृत्ताचं नाव शेवटी सांगितलं. नाव आधी सांगितलं की मुलं ते पाठ करतात आणि पाय विसरतात.

११ जुलै – उपमा

‘सारखा’ हा शब्द दिला की चंद्रासारखा चेहरा आणि कापसासारखे ढग येणारच. पहिल्या तीन उपमा लिहून काटायच्या आणि चौथीपासून सुरुवात करायची. हा नियम क्रूर वाटतो, पण मुलांना त्याची मजा येते. मदतीला चार प्रश्न : वजन कुणासारखं, चाल कुणासारखी, स्पर्श कुणासारखा, गप्प कुणासारखं? रंग आणि आकार मुद्दाम वगळले, कारण घासून गुळगुळीत झालेल्या उपमा तिथेच राहतात. ‘ढग दप्तरासारखा, सोमवारच्या’ ही ओळ वजनाच्या प्रश्नातून आली.

उपमा, चेतनगुणोक्ती ही नावं तासिकेच्या शेवटच्या दोन मिनिटांत.

१५ जुलै – आद्याक्षरांची कविता (सोडून दिली)

स्वतःच्या नावाच्या अक्षरांनी ओळी सुरू करायच्या. सोपं वाटलं होतं. पण मराठीत ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे ज्यांच्या नावात ती अक्षरं आहेत ती मुलं आपल्याच नावावर अडकून बसली. बाकीच्यांनी गुणांच्या याद्या केल्या : हुशार, प्रेमळ, शहाणा. यात कविता कुठेच नव्हती. उरलेला वेळ नादशब्दांना दिला.

१८ जुलै – दुसरा खर्डा

पहिला खर्डा झाला की मुलांच्या दृष्टीने काम संपलेलं असतं. ‘सुधारा’ म्हटलं तर ती तीच कविता सुंदर अक्षरात उतरवतात. म्हणून दुसऱ्या खर्ड्याला एकच नेमकं काम : एक ओळ काढायची, एक शब्द बदलायचा आणि पहिली ओळ झाकून कविता दुसऱ्या ओळीपासून वाचायची. पहिली ओळ अनेकदा नुसती प्रस्तावना असते आणि तिच्याविना कविता उभी राहते. मुलाला पटलं नाही तर ओळ राहते. निर्णय लिहिणाऱ्याचा.

लाल पेन नाही. शुद्धलेखन फक्त पक्क्या प्रतीच्या वेळी, तेही विचारून. घरच्या बोलीतले शब्द तसेच राहिले. एका कवितेत ‘काहून’ होतं. त्या जागी ‘का’ घालून वाचलं तर दोन अक्षरं कमी झाली आणि विचारणाऱ्याचा आवाजही गेला. वर्गानेच ‘काहून’ परत आणलं.

एका वहीत ओळखीची छापील कविता सही करून आली. चोरी हा शब्द वापरला नाही. जे आवडतं ते उतरवावंसं वाटतं, तिथूनच पुढे जाता येतं : साचा तोच ठेवून सगळी नामं बदलायची, मग क्रियापदं. वर ‘अमुक कवितेच्या चालीवर’ असं लिहायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत मूळ कविता फार उरत नाही.

२२ जुलै – ‘छान’चा हिशेब (तासिका नाही)

नोंदवही पाहिली. नियम सगळ्यात जास्त मोडतो तो शेवटच्या पाच मिनिटांत, घाई असते तेव्हा. दुसरी जागा कमकुवत कवितेची. तिथे दयेपोटी ‘छान’ निसटतं आणि मुलाला ती दया बरोबर कळते. कमकुवत कवितेतही उचलण्यासारखा एक शब्द असतो, तो शोधायला दोनदा वाचावं लागतं, एवढंच. ‘तू “कुडकुडत” नाही, “काकडत” लिहिलंस’ – यात कौतुकाचा शब्द एकही नाही, पण मूल वही परत घेताना तीच ओळ पुन्हा वाचतं. ‘छान’ ऐकल्यावर वही मिटते.

मुलांसाठी दोन वाक्यं फळ्यावर कायमची लिहून ठेवली : ‘माझ्या कानात ___ राहिलं’ आणि ‘मला ___ बद्दल विचारायचंय’. तुलना करायची नाही, क्रमांक नाही, बक्षीस नाही. बक्षीस ठेवलं की पुढच्या वेळी सगळे जिंकलेल्या कवितेसारखं लिहितात.

२५ जुलै – पुसत पुसत पाठांतर

आठ ओळी फळ्यावर. सगळ्यांनी एकदा वाचायच्या, चार-पाच शब्द पुसायचे, पुन्हा वाचायच्या. सहा फेऱ्यांत फळा जवळजवळ कोरा आणि कविता तोंडपाठ. काय पुसायचं याला क्रम आहे : आधी मधले शब्द, मग यमकाचे, ओळीचा पहिला शब्द सर्वांत शेवटी. यमक कान स्वतः भरतो. आठवण अडते ती ओळ सुरू करताना. पहिल्या गटात उलटं केलं होतं, दुसऱ्याच फेरीत गाडी थांबली.

२९ जुलै – घडीची पुस्तिका

एका ए-फोर कागदाची आठ पानी पुस्तिका. तीन वेळा निम्मी घडी घालून उलगडली की आठ चौकटी, प्रत्येक साधारण ७४ × १०५ मिमी. आता आखूड कडा एकमेकींवर ठेवून एकच घडी ठेवायची आणि घडीच्या बाजूने मधल्या आडव्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंत कापायचं; उघडल्यावर मध्ये दोन चौकटींएवढी फट दिसते. कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की अधिकचं चिन्ह होतं, ते गुंडाळलं की पुस्तिका. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून आत सहा पानं, पानावर एक-दोन ओळी.

हमखास होणारी चूक : आधी लिहून मग घडी. कागद उघडा असताना चौकटींची एक रांग उलटी असते, त्यामुळे निम्मी पानं डोक्यावर येतात. आधी घडी, मग पेन्सिलीने १ ते ८ आकडे, मग लिखाण. दुसरी चूक कडेपर्यंत कापण्याची. मग हातात दोन तुकडे.

७४ मिमी रुंदीत मुलांच्या हस्ताक्षरात जेमतेम सात-आठ अक्षरं बसतात. लांब ओळी तोडाव्या लागल्या, आणि ‘कुठे तोडू?’ हा प्रश्न पहिल्यांदाच मुलांकडून आला. पुस्तिका शेवटच्या आठवड्यावर ढकलायला नको होती.

१ ऑगस्ट – वाचन

चार गटांत, एकाच वेळी, गोल बसून. ३२ कविता एका मंचावरून वाचल्या असत्या तर दहावीनंतर कुणी ऐकलं नसतं. स्वतः वाचणं, मित्राकडून वाचून घेणं किंवा पुस्तिका नुसती फिरवणं, तिन्ही चालतं. प्रत्येक वाचनानंतर ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी कानात राहिलेला शब्द सांगायचा, टाळ्या नाहीत. पहिल्या दिवशी ‘आज नाही’ म्हणणाऱ्यांपैकी एकाने मित्राकडून वाचून घेतली आणि मित्राने ओळ चुकीच्या जागी तोडली तेव्हा मध्येच थांबवून ती पुन्हा वाचायला लावली.

५ ऑगस्ट – पुढच्या तुकडीसाठी

नादशब्द पहिल्याच तासिकेला. आद्याक्षरं बाद, त्या जागी अभंगाच्या साच्याला दुसरी तासिका. रिकामी पुस्तिका तिसऱ्या आठवड्यात हातात द्यायची. पट्ट्या दीडपट कापून ठेवायच्या, एका ओळीवर कुणीच थांबत नाही. आणि ‘वा’ हाही नोंदवहीत मोजायचा. या वेळी तो सुटला होता.